झायलरांच्या घरातले हेबेनकेसेल

दर शनिवारी सकाळी, गावातले बाकीचे पुरुष आपापल्या गाड्या धुवायला काढत, तेव्हा राइनहोल्ड हेबेनकेसेल दारावरची पितळी पाटी घासायला बसे. पाटी वीतभर लांब, आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: हेबेनकेसेल. अडतीस वर्षं घासून घासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण ओबरहाझल गावात एका तरी माणसाने तो शब्द कधी तोंडातून काढला असेल तर शपथ!

कारण गावाच्या लेखी ते घर झायलरांचं. झायलर म्हणजे दोर वळणारा. त्या घरात कोणीतरी दोर वळले, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. त्यानंतर तिथे चार-पाच आडनावं आली आणि गेली, पण आमच्याकडे कागदावरच्या आडनावाला विचारतो कोण? घराचं नाव तेच माणसाचं नाव. घरात नवं मांजर येवो नाहीतर नवा जावई, उंबरा ओलांडला की झालाच झायलर. राइनहोल्ड चौदा किलोमीटरवरच्या गावातून गेर्लिंडेशी लग्न करून इथे आला, आणि टोपी खुंटीला अडकवायच्या आत 'झायलरांचा राइनहोल्ड' होऊन बसला.

बरं, माणूस काही कोपऱ्यात बसून राहिलेला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली त्याने. गावातल्या एकूण एक तळघरात उतरून मीटर वाचले. छातीवर नावाचा बिल्ला असायचा. लोक त्या बिल्ल्याकडे बघून, हसून म्हणायचे, "अगं, झायलरांचा राइनहोल्ड आलाय, दिवा लाव खालचा!"

एकदा त्याने शहरातून धुलाई यंत्र मागवलं. ते तीनदा परत गेलं. गाडीवाल्याने समोरच्या वाल्ट्राउडला विचारलं, हेबेनकेसेल कुठे राहतात? वाल्ट्राउडने हातातला झाडू भिंतीला टेकवला, नीट विचार केला आणि सांगितलं, "असं कोणी नाही बाबा इथे." ही बाई त्याच्या दारासमोर अडतीस वर्षं राहत होती. पाटी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची, उन्हात तर डोळ्यांवर चमकायची!

पण कहर झाला तो पासष्टाव्या वाढदिवसाला. स्थानिक वर्तमानपत्राने रिवाजाप्रमाणे छापलं: ओबरहाझल येथील श्री. रा. हेबेनकेसेल यांना पासष्ट वर्षे पूर्ण, अभिनंदन. सकाळी सकाळी वाल्ट्राउड पेपर घेऊन त्याच्याच घरी आली. "काय रे राइनहोल्ड, हा कोण बिचारा आपल्या गावात? पासष्ट वर्षांचा झाला आणि आपल्याला पत्ता नाही. कोणी केक तरी नेऊन दिला असेल का त्याला?"

राइनहोल्डने दार लावून घेतलं. गेर्लिंडे मात्र हसून हसून खुर्चीवर कोसळली होती.

तर अशा त्या गावात, तीन वर्षांपूर्वी, हेनिंग मायर आला. राइनहोल्डच्या एकुलत्या एक मुलीचा, आल्मुटचा मित्र. लांब उत्तरेकडचा, किडकिडीत, मोजकं बोलणारा. पूल तपासायची नोकरी. हातोडीने दगड ठोकून, कान लावून आवाज ऐकायचा. पहिल्याच दिवशी त्याने दारावरची पाटी नीट वाचली, पाय पुसले आणि हात पुढे करून म्हणाला, "नमस्कार, हेबेनकेसेलसाहेब. तुम्हाला भेटून आनंद झाला."

हेबेनकेसेलसाहेब! राइनहोल्डच्या अंगावर काटा आला. त्याने तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

आता आमच्याकडची रीत अशी, की नवा माणूस मोठ्याला 'तुम्ही' म्हणतो, आडनावाने हाक मारतो. मग एक दिवस मोठा माणूस दोन छोटे पेले काढतो, त्यात आलुबुखाराची दारू ओततो आणि म्हणतो, 'मी अमुक. आजपासून मला तू म्हण.' दोघं पेला रिकामा करतात, आणि त्यानंतर आडनाव संपलं ते संपलंच. पण हा शब्द मोठ्या माणसानेच काढायचा. धाकट्याने काढला तर आगाऊपणा. होणाऱ्या जावयाला सासरे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पेला देतात. फार तर नाताळापर्यंत थांबतात.

राइनहोल्डने तीन नाताळ जाऊ दिले. हेनिंग आपला "हेबेनकेसेलसाहेब, मीठ देता का?" आणि राइनहोल्ड "घ्या ना, मायरसाहेब!" जेवणाच्या टेबलावर नुसती कचेरी भरल्यासारखी. आल्मुट दातओठ खायची. गाव म्हणायचं, झायलरांच्या राइनहोल्डला जावई पसंत नाही. खरं कारण राइनहोल्डने कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

लग्न जूनमध्ये ठरलं. मे महिन्यात नोंदणी कचेरीतून कागद आले. त्यात एक रकाना होता: लग्नानंतरचं आडनाव. नवऱ्याचं घ्या, बायकोचं घ्या, पण ठरवून शुक्रवारी सही करून आणा.

"मायर," आल्मुट भाकरीवर लोणी लावता लावता म्हणाली. ती दातांच्या कवळ्या बनवायची, दिवसाला वीस पावत्यांवर सही करायची. "दोन सेकंदांत सही होते. बाबा, तुझ्या आडनावाने माझी शाळेची वर्षं खाल्ली. फोनवर तर प्रत्येकाला तीनदा सांगावं लागतं."

राइनहोल्डच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्याला भाऊ नव्हता, चुलतभावाला मूल नव्हतं. आल्मुटने मायर लिहिलं की चारशे वर्षांचं नाव त्या पितळी पाटीवर संपणार, आणि पाटी तरी किती दिवस राहणार? तो एवढंच म्हणाला, "रविवारी कॉफीला या दोघं. सही शुक्रवारी आहे ना? मग रविवारी या."

रविवारपर्यंत तो तळघरातून वर आला नाही. भिंतीला लावायच्या जुन्या कागदाची गुंडाळी होती, तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्याने चार मीटर लांब वंशावळ काढली. हिरव्या शाईत साधे हेबेनकेसेल, लाल शाईत नामवंत. लाल चौघंच होते. मथळा मात्र दणदणीत: 'हेबेनकेसेल: इतिहास आणि नामवंत व्यक्ती.'

गेर्लिंडे जिन्यावरून ओरडली, "अरे, त्या नामवंतांना म्हणावं केक चार वाजता आहे!"

रविवारी सफरचंदाचा केक मध्ये ठेवला होता. तो उचलून खिडकीत ठेवावा लागला, कारण टेबलभर वंशावळ पसरली होती. कचेरीतली जुनी मोजपट्टी हातात घेऊन राइनहोल्ड उभा राहिला. वाल्ट्राउडही आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण केकचा वास रस्त्यापलीकडे गेला की ती यायचीच.

"हा फाइट," राइनहोल्डने पट्टी टेकवली. "तांबटाच्या हाताखाली शिकत होता. शिक्षण संपलं की जुने कारागीर नव्याला एक अवघड काम सांगायचे आणि त्यावरून त्याला नवं नाव द्यायचे. याला म्हणाले, तो सगळ्यात मोठा हंडा उचल. फाइटने उचलला! हेबेन म्हणजे उचलणं, केसेल म्हणजे हंडा. तिथून आपलं नाव."

"मला वाटलं होतं, गोष्ट याहून मोठी असेल," वाल्ट्राउड म्हणाली.

"हंड्यात मालक झोपला होता," राइनहोल्ड जरा घाईने म्हणाला. "पिऊन. फाइटने मालकासकट उचलला."

"आणि मग?" गेर्लिंडेने विचारलं. तिला पुढचं ठाऊक होतं.

"मग... ठेवला."

"आपटला, राइनहोल्ड. मालकाचा दात पडला. खरं सांग की."

"पहिला दात आपल्याच घराण्याने पाडला तर!" आल्मुट म्हणाली. "म्हणून मी कवळ्या बनवते वाटतं."

राइनहोल्डने पट्टी पुढे सरकवली. दुसरे नामवंत म्हणजे धर्मगुरू बाल्थासार. त्यांनी सलग चार तास प्रवचन दिलं, आणि त्याच दिवशी देवळाचं छत कोसळलं. एकही माणूस दगावला नाही, कारण तोपर्यंत सगळे घरी गेले होते. तिसरा ओटोकार, हा थेट ब्राझीलला गेला आणि सात आठवड्यांत परत आला. फार उकडत होतं म्हणाला. चौथी लीना, जिल्ह्यात सायकल चालवणारी पहिली बाई. ती सायकलसकट गिरणीच्या तळ्यात गेली.

"बाप रे, मग?" हा हेनिंग. इतका वेळ तो पुढे वाकून, एकेक चौकोन वाचत होता.

"मग तिला पोहता येत नाही हे तिच्या लक्षात आलं. बाहेर काढल्यावर ती पोहायला शिकली आणि पुढे गावातल्या सगळ्या मुलींना शिकवलं." राइनहोल्डचा आवाज वर चढला. "एकही मुलगी त्या तळ्यात पुन्हा बुडाली नाही, मायरसाहेब! एकही नाही!"

"हेबेनकेसेलसाहेब, ही गोष्ट फार छान आहे," हेनिंग म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला.

राइनहोल्डचा चेहरा उजळला. त्याने पट्टी खाली ठेवली, घसा साफ केला. "तर मायरसाहेब, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही जर हे नाव..."

"मायरसाहेब!" आल्मुटने टेबलावर हात आपटला. तळातले हिरवे हेबेनकेसेल कॉफीने भिजले. "तीन वर्षं झाली बाबा, तीन वर्षं! तुझं छत यानं शाकारलं, तुझी बाग यानं खणली. आणि तू याला अजून एक पेला दिला नाहीस. वाल्ट्राउडच्या कुत्र्याशी तू अरे-तुरे करतोस! ज्याला तू तुझा माणूस मानत नाहीस, त्याला तुझं नाव कशाला देतोस? कशाला घ्यायचं त्यानं?"

वाल्ट्राउडने केकचा तुकडा तोंडाजवळ तसाच धरला होता. राइनहोल्ड वंशावळीवरची कॉफी रुमालाने टिपायला लागला.

"बघ, बोलायला काही नाहीच ना. मायरच लिहिणार मी. चल, हेनिंग." आल्मुट उठली. हेनिंग दारात वळला, "केक छान होता," असं गेर्लिंडेला म्हणाला आणि हळूच दार लावून घेतलं.

संध्याकाळी भांडी पुसताना गेर्लिंडेने विचारलं, "काय खुपतं तुला त्या पोराचं? चांगला आहे की."

"चांगला? सोन्यासारखा आहे."

"मग पेला का नाही देत? मूग गिळून काय बसलास?"

राइनहोल्ड तीच बशी पुसत राहिला. कोरडी झाली तरी पुसत राहिला. "या गावात माझं नाव घेणारं एकच तोंड आहे, गेर्लिंडे. पेला दिला की ते पण राइनहोल्ड म्हणणार. मग कोण उरलं?"

गेर्लिंडे हसायला लागली. सवयीने. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. त्याच्या हातातली बशी तिने काढून घेतली.

"अडतीस वर्षं एवढं लागलं होतं तुला?"

"रोज नाही लागलं," तो म्हणाला. "पण लागलं."

"मला सांगायचंस ना, वेड्या."

"तूसुद्धा झायलरांचीच की. तुला काय सांगू?"

गेर्लिंडेने ओल्या हातांनीच डोळे पुसले. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून आलुबुखाराची बाटली काढली, दोन पेले काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. "नाव जायचं असेल तर जाईल. पोरगी नको जायला."

गुरुवारी सकाळी राइनहोल्ड सायकल काढून गावाबाहेरच्या दगडी पुलावर गेला. हेनिंग कमानीखाली, गुडघाभर पाण्यात, हातोडीने ठोकत उभा होता. ठक, ठक, आणि मग कान लावून शांत.

"मायरसाहेब, जरा वर येता का?"

हेनिंग वर आला. बुटांतून पाणी गळत होतं. राइनहोल्डने पुलाच्या कठड्यावर पेले मांडले. ओतताना थोडी सांडली. त्याने एकेक शब्द जणू खिशातून काढून दिला. "मी राइनहोल्ड. आजपासून मला तू म्हण. मीच फार उशीर केला, चूक माझी. आणि उद्या मायर लिहा खुशाल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

हेनिंगने पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. "एक विचारू? तीन वर्षं का लागली?"

"ते जाऊ दे ना."

"मी दिवसभर दगड ठोकतो, हेबेनकेसेलसाहेब. आत काहीतरी पोकळ आहे, हे मला आवाजावरून कळतं."

मग राइनहोल्डने सांगितलं. पाटीचं, धुलाई यंत्राचं, वाढदिवसाचं, सगळंच. पाण्याकडे बघत सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता हा हसणार. अख्खं गाव हसलं, बायको हसली, मग हा का नाही हसणार?

हेनिंग हसला नाही. "आमच्या कचेरीत पाच मायर आहेत," तो म्हणाला. "मी तिसरा मायर. सगळे तिसराच म्हणतात. आणि काल तुमच्या टपालवालीने माझं पत्र दिलं. म्हणाली, धर, झायलरांचा जावई ना तू?" त्याने पेल्यातली दारू हळूच बाटलीत परत ओतली. एक थेंब सांडू दिला नाही. "हे आज नको. राग मानू नका. शुक्रवारनंतर बघू."

राइनहोल्ड सायकल हातात धरून चालत घरी आला. पेला परत आला, असं आमच्याकडे कधी कोणाचं झालेलं नाही. पोरगीही गेली आणि नावही गेलं, असंच तो धरून चालला. शनिवारी त्याने पाटी घासली नाही. वाल्ट्राउडने खिडकीतून विचारलंसुद्धा, "काय रे, बरा आहेस ना?"

जूनमध्ये लग्न लागलं. नोंदणी कचेरीची बाई शहरातून आलेली, तिला झायलर-बियलर काही ठाऊक नव्हतं. तिने चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "दोघांनी निवडलेलं आडनाव: हेबेनकेसेल."

मागच्या रांगेत वाल्ट्राउड शेजारणीला म्हणाली, "हे कोण आता? तिचा नवरा तर मायर होता ना?"

राइनहोल्डला ते ऐकू आलं नाही. तो पहिल्या रांगेत ताठ बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आल्मुट सही करून सरळ त्याच्याकडे आली. "पुलावरचं हेनिंगने सांगितलं मला. आधी नव्हतं का सांगता येत, बाबा? मी काय परकी होते?" आणि मग त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाली, "ही सही करायला किती वेळ लागला बघितलंस ना? आता जन्मभर लागणार."

जेवणाच्या वेळी गेर्लिंडेने मुद्दाम ती बाटली आणि ते दोन पेले त्यांच्यासमोर आणून ठेवले. सगळ्यांच्या माना वळल्या. राइनहोल्डने पेले भरले. हेनिंग उठून उभा राहिला.

"मी पितो," तो म्हणाला, "पण एका अटीवर. मी तुम्हाला तू म्हणणार नाही. मीही तू म्हटलं तर हे नाव घ्यायचं कोणी? तुमची हरकत नसेल तर, हेबेनकेसेलसाहेब."

राइनहोल्डही उठला. "माझी कसली हरकत? घ्या, हेबेनकेसेलसाहेब."

"दोघंही ठार वेडे आहेत," आल्मुट कपाळाला हात लावून म्हणाली. गाव तर पोट धरून हसलं.

ती दोघं वरच्या मजल्यावर राहायला आली आणि मग रोजचंच झालं. सकाळी अंगणात एक म्हणायचा, "हेबेनकेसेलसाहेब, शिडी धरता का?" दुसरा म्हणायचा, "धरली, हेबेनकेसेलसाहेब, चढा बिनधास्त!" मोठमोठ्याने, अगदी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. गेर्लिंडे खिडकी लावून घ्यायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी राइनहोल्ड दाराच्या आतल्या बाजूला, पाटी घासायची भुकटी शोधत उभा होता. बाहेर गाडी थांबली. शहरातून काहीतरी सामान आलं होतं. गाडीवाल्याने समोर हाक मारली, "अहो बाई, हेबेनकेसेल कुठे राहतात?"

राइनहोल्डने दाराला कान लावला. वाल्ट्राउडचा झाडू थांबला.

"हेबेनकेसेल?" ती म्हणाली. "कोणता हवाय तुम्हाला? इथे दोन आहेत."